बंदुकीवरची दुर्बीण

मामांच्या घरात हाक आली की ओ द्यावीच लागे, तीही पहिल्याच हाकेला. न्हाणीत असा, चुलीपुढं असा, तोंडात घास असला तरी आधी ओ द्यायची आणि मग घास गिळायचा. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेले की मला या नियमाचा भयंकर राग यायचा. आमच्या घरी कुणी तीनदा ओरडल्याशिवाय हलत नसे, आणि मी तर त्यातली अट्टल. एकदा मी मुद्दाम कणगीमागं गप्प बसून राहिले. मामांनी दोनदा हाक मारली, आणि तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज फाटला. मला शोधून काढलं तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता. वाटलं, आता बसणार पाठीत. पण ते माझ्यासमोर मटकन खाली बसले आणि म्हणाले, "बाई, ओ देत जा गं." पुढं मामीनं मला बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं, की त्यांना तसं गप्प राहिलेलं सोसत नाही.

का सोसत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेही एका दुर्बिणीपायी.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि मला नव्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. गुलाल उधळून झाला होता, पण कचेरी अजून भाड्याच्या खोल्यांतून पसरलेली होती. उस्मानाबादेहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं येत, आणि कुठला गठ्ठा कुठल्या खोलीत गेला हे ज्याला माहीत तो शिपाई नेमका चहाला गेलेला असे. बंदुकीचे परवानेही असेच आले. त्यांची नव्यानं नोंद व्हायची होती, म्हणून मी मामांना निरोप धाडला. मला खात्री होती की ते बंदूक जमा करून मोकळे होतील. बहात्तरच्या दुष्काळापासून त्यांची रायफल माजघरात भिंतीला पोत्यात गुंडाळून टांगलेली होती. तिला तेलपाणी व्हायचं, दसऱ्याला हळदकुंकू लागायचं, पण तिचा बार निघालेला आमच्यापैकी कुणी पोरांनी ऐकला नव्हता.

मामा आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जमा करायची न्हाई. हिच्यावर बसवायची दुर्बीण कुठं मिळती तेवढं बग."

मी हसले. म्हटलं, "मामा, या वयात वाघ मारायला निघालात की काय?"

मामा हसले नाहीत.

पावसानं त्या साली पुन्हा पाठ फिरवली होती. मामांचं गाव निलंग्याच्या पुढं, आणि सगळ्या शिवारात पाणी धरून होती ती मामांची एकच विहीर. तिच्यावर तीन तुकडे हिरवे होते. मामांचं कडवळ, म्हणजे गुरांच्या वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी. शेजारच्या अप्पांचा थोडा ऊस. आणि बांधाला लागून एका बाईचा भुईमूग. बाकी सगळीकडे नुसती भेगाळलेली काळी जमीन. मग रानडुकरं जाणार कुठं? दिवस कलला की ती ओढ्यातून वर येत आणि सकाळी तिथं नांगर फिरवल्यासारखं दिसे. गावात रायफल एकच. अप्पा लिंगायत, त्यांच्या घरी अंड्याचं नाव निघालं तरी भांडी घासून घेतील अशी कडक माणसं, पण मामांच्या ओट्यावर पहिले तेच आले. "तुम्ही मारा," ते म्हणाले, "फकस्त मला सांगू नका." गावानं अर्ज केला, वनखात्याची परवानगी आणली, तिची नक्कल तर मीच टाइप केली होती. आणि सगळं जुळून आल्यावर मामा अडून बसले. दुर्बीण मिळाली तर बंदूक उचलतो, नाहीतर नाही.

त्या भुईमुगाच्या बाईबद्दल इथंच सांगते. गाव तिला आक्का म्हणे, मामाही म्हणत. नवरा लवकर गेलेला, स्वतःची जमीन अंगणाएवढी, आणि डावा पाय ओढत चालायची. दुष्काळात बैलानं शिंग मारलं होतं, असं सगळे सांगत. मामा तिला आपल्या विहिरीचं पाणी देत आणि त्यावर कधी चकार शब्द काढत नसत. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

दुर्बीण लातुरात मिळेना. नांदेडला निजामाच्या काळापासून बंदुका विकणारं एक दुकान आहे असं कुणीतरी सांगितलं, आणि एका रविवारला जोडून आठवडाभराची रजा टाकून मी मामांना घेऊन निघाले. त्यांना एकट्याला पाठवलं असतं तर दुकानदारानं गळ्यात काहीतरी बांधलं असतं, असा माझा समज. अहमदपूरला एस्टी थांबली. सगळे चहाला उतरले. मामा बसूनच राहिले, म्हणून मीही बसले, आणि त्या रिकाम्या गाडीत त्यांनी मला सांगितलं.

बहात्तर साली सगळं गाव खडी फोडायला जात होतं. खायला सरकारनं दिलेली लाल मिलो ज्वारी नाहीतर सुकडी. तेव्हाही मामांच्या विहिरीपाशी कडवळाचा एक तुकडा कसाबसा जगवलेला होता, आणि तेव्हाही डुकरं येत होती. आमच्या आजोबांपासूनची रीत अशी की, रानातल्या उंच माळ्यावर बसायचं, पिकात खसफस झाली की आधी हाक द्यायची, "रानात कोण हाय? ओ द्या!" अशी तीन वेळा. रानात मालक असो, चोर असो, ओ द्यायचीच. ओ आली की बंदूक खाली. चोर असला तरी त्याला शिव्या घालायच्या आणि जाऊ द्यायचं. तीन हाकांना उत्तर नाही आलं तर ते जनावर. तिकडच्या सगळ्या शिकारी माणसांचा या रितीवर देवावर असावा तसा भरवसा होता.

"दिवस बुडत हुता," मामा म्हणाले. "खसफस झाली. म्या तीन डाव हाक दिली. चांगली छाती भरून दिली. न्हाई आली ओ. मंग म्या बार टाकला. आन् आवाज आला त्यो डुकराचा नव्हता."

आक्का होती. शेरडासाठी कडवळ कापायला बसली होती. गोळी डाव्या पोटरीच्या मांसातून आरपार गेली होती. तिला हाक ऐकू गेली नव्हती असं नाही. तिन्ही हाका गेल्या होत्या, आवाजही ओळखला होता. पण ओ दिली असती तर गावात वैरणचोर म्हणून नाव झालं असतं, आणि त्या दिवसांत माणसाचं चोरलेलं एक वेळ लोक विसरले असते, जनावराच्या तोंडचं नसते विसरले. ती गप्प बसली. तिला वाटलं, हाक मारून मारून जातील.

मामांनी तिला बैलगाडीत घातली आणि निलंग्याला नेली. तिथं जखमा बांधणारा एक म्हातारा जर्राह होता. वाटेत आक्कानंच ठरवलं. "बैलानं शिंग मारलं म्हणा," ती म्हणाली. गोळी लागली म्हटलं की कडवळात काय करत होतीस हे आलंच. म्हाताऱ्यानं जखम धुतली, दोन्ही बाजूंची भोकं बघितली, दोघांची तोंडं बघितली. "इस बैल का सींग बहुत बारीक है, पटेल," एवढंच म्हणाला आणि पट्टी बांधली. पुढं कुणी कधी विचारलं नाही.

"तिनं माजी लाज राखली का म्या तिची राखली, ते आजून कळंना," मामा म्हणाले. "पन हाकंवरचा माजा भरवसा गेला बग. भुकेलं मानूस ओ देत न्हाई. म्हून आता डोळ्याला दिसाया पायजे. बार सुटायच्या आदी दिसाया पायजे, की हितं मानूस न्हाई."

मला कणगीमागचा अंधार आठवला आणि तो फाटलेला आवाज आठवला. एवढी वर्षं हा माणूस घरात, अंगणात, गोठ्यात हाका मारत हिंडत होता, आणि प्रत्येक हाकेनंतरचा तो क्षण त्याच्यासाठी पुन्हा तोच असायचा. लोक चढले, गाडी सुटली. नांदेडपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो.

दुकान अरुंद होतं, आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, माझ्याकडे बघून त्यांनी आधी खुर्ची पुसली आणि मग विचारलं, "बेटी, शिकार तुमे करते क्या?" मी म्हटलं, "हो, फायलींची." त्यांना हे आवडलं असावं. चहा आला.

"कित्ते दूर से मारना है?" त्यांनी मामांना विचारलं.

"लांबून न्हाई. हाक जाती तेवड्यातच."

"फिर दुर्बीन किस वास्ते? इत्ते में तो नंगी आँख से मारते लोगां."

"मारायसाटी न्हाई वो," मामा म्हणाले. "मानूस का जनावर, ते कळाया पायजे."

दुकानदारांचा हात कपाटाच्या कडीवर तसाच राहिला. "मग साधी दोन डोळ्यांची घ्या की," असं मी मध्येच म्हणाले. मामांनी मान हलवली. गोळी जिथून जाणार तिथूनच दिसलं पाहिजे, नाहीतर बघायचं एकीकडं आणि नळी एकीकडं. दुकानदारांना ते पटलं. मग त्यांनी पुढं ठेवलेल्या चकचकीत पेट्या बाजूला सारल्या आणि मागच्या फडताळातून दोन दुर्बिणी काढल्या.

एक लांबलचक, काळी, पोलादी, हातात घेतली की मनगट खाली जाई. नऊपट मोठं दाखवायची. दुसरी वीतभर, अॅल्युमिनियमची, वांग्याएवढी हलकी, आणि तिच्यातून फक्त चौपट दिसायचं. मी अर्थातच मोठीच्या प्रेमात पडले. उंबऱ्यात उभी राहून डोळ्याला लावली तर पलीकडच्या कौलावरच्या कबुतराचा लाल डोळा दिसला. म्हटलं, मामा, हीच घ्या, हिच्यातून डुकराच्या मिशासुद्धा मोजता येतील.

दुकानदार माझ्याकडे बघून हसले आणि मामांना समजावू लागले. मोठी जितकं जवळ आणते तितकं थोडंच दाखवते, आणि दिवस मावळताना ती आधी अंधारते. शिवाय रायफलीवर एवढं वजन वर चढलं की ती डोकं जड झाल्यासारखी एका अंगाला कलते, मग धरून बसलेला खांदा दुखतो, हात कापतो, आणि हात कापणारा माणूस घाई करतो. छोटी हलकी, धरून बसायला बरी, आणि शिवाराचा मोठा तुकडा एकदम दाखवते. तिची फुली, म्हणजे आतल्या त्या दोन बारीक तारा, ठोकर बसली तरी जागची हलत नाही, असं म्हणून त्यांनी ती लाकडी फळीवर दणादणा आपटली. माझा जीव वर आला. मग बादलीत बुडवून धरली. बुडबुडा आला नाही. आत पाणी शिरलं नाही तर वाफही धरणार नाही.

"एस्टीत हादरून बिगडंल का?" मामांनी विचारलं.

"मियाँ, लोहा-अहमदपूर के रस्ते पे तो आदमी बिगडता," दुकानदार म्हणाले. "इसकू कुछ नै होता."

मामांनी छोटी हातात घेतली. त्यांनी कबुतरं बघितली नाहीत. रस्त्यावरून जाणारी माणसं बघितली, एकेक करून, बराच वेळ. मग खाली ठेवली आणि म्हणाले, "उजेडात समदंच दिसतंय. दिवस बुडताना कडवळात मानूस बसलं तर दिसतंय का, ते बगाया पायजे."

एवढं ऐकल्यावर कुठलाही दुकानदार वैतागला असता. यांनी दोन्ही दुर्बिणी मखमलीच्या फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या हातात दिल्या. पुढच्या रविवारी आणून द्या, जी आवडेल ती ठेवून घ्या. "अमानत है," म्हणाले. पैशाचं बोलणंच निघालं नाही. मला त्या माणसाचा इतका आदर वाटला की मी खाली वाकून नमस्कार केला, आणि मग आपण बंदुकीच्या दुकानात पाया पडतोय हे लक्षात येऊन लाजले.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तशी आम्ही रानात गेलो. रायफल मामांनी घरीच ठेवली. नुसत्या दुर्बिणी घेतल्या. माळा म्हणजे चार मेढींवर बांधलेला बाजेएवढा मंचक, त्याच्यावर मी आणि मामा चढलो, आणि मामीला कडवळात जाऊन बसायला सांगितलं. मामी लाल लुगड्यात, हातभर बांगड्या, आणि तिला हसू आवरेना. मोठीतून दिसली, छोटीतून दिसली, नुसत्या डोळ्यांनीही दिसली, आणि ऐकू तर सबंध शिवाराला गेली.

"चोरावानी बस की," मामा ओरडले.

"चोरी कराया शिकवली का तुमी कदी?" मामीनं आतून उत्तर दिलं.

आम्ही हसत असतानाच बांधावरून पाय ओढत आक्का आली. गावात दुर्बिणी आल्याची बातमी तिच्यापर्यंत गेली होती, न जायला झालंय काय. खाली उभं राहून तिनं वर बघितलं. आडव्या हाडाची बाई, बोलणं रोखठोक.

"दादा, माज्यामुळं बंदूक उचलंना का तुमी?" तिनं सरळच विचारलं.

मामा हातातली दुर्बीण पुसू लागले. मामी कडवळातून बाहेर आली होती, तिनं आक्काकडं बघून मान खाली घातली. तिलाही सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

"माजा भुईमूग आजून उभा हाय," आक्का म्हणाली. "आज न्हाई तर उद्या खात्यात ती. मेलेल्यावानी किती दिस बसून राहिलाव तुमी? मी बसते आत. मला ठाव हाय मी कशी बसले हुते ते. मी दिसले की झालं न्हवं? मंग मारा डुकरं."

"नको आक्का," मामा म्हणाले.

ती ऐकणारी नव्हती. तिचा करड्या रंगाचा पदर कडवळात शिरला, ताटं हलली, आणि मग सगळं थांबलं. सूर्य टेकला होता. माझ्या हातात मोठी होती, मामांच्या हातात छोटी. मी मोठी लावली आणि बघितलं तर नुसती पानं. एकेका पानाची शीर, तिच्यावर बसलेला मावा, पानामागं पान. जरा हात हलला की सगळं पोहत बाजूला जाई, आणि कुठं बघत होते तेच हरवे. आक्का तर नाहीच, तिच्या लुगड्याचा दोराही नाही. नुसत्या डोळ्यांनीही नाही. मला भीती वाटू लागली. आत्ता आपल्या डोळ्यांदेखत आत गेलेली जितीजागती बाई, आणि तिथं कुणी आहे असं कशानंही वाटत नव्हतं.

मामांनी छोटी डोळ्याला लावली. कितीतरी वेळ ते हलले नाहीत. मग एकाएकी त्यांनी छाती भरून हाक दिली, "रानात कोण हाय? ओ द्या!"

आवाज ओढ्यापर्यंत जाऊन परत आला. ओ आली नाही. तिनं सांगितलंच होतं, जशी बसले होते तशी बसते. मामांनी दुसरी हाक दिली. तिसरी दिली. मामीनं तोंडाला पदर लावला. दे गं बाई ओ, दे, असं मी मनात म्हणत होते, आणि ती काही देत नव्हती. मामांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

छोटीतून सगळा तुकडा एकदम दिसला, धुरकट पण सारखा. आधी ताटं, मग ताटांमधला काळोख, आणि मग त्या काळोखातला एक भाग निराळा झाला. खांदा. कपाळ. मग अख्खी आक्का. ती उकिडवी बसली होती, उजव्या हातात विळा धरल्यासारखी मूठ, आणि ती सरळ माळ्याकडं बघत होती, माझ्या डोळ्यांत. डावा हात छातीशी वाकवलेला होता, तळवा कशावर तरी घट्ट दाबून धरावा तसा. पण त्या तळव्याखाली काहीच नव्हतं.

आक्का बाहेर आली, गुडघे झटकले. "दिसले का?"

"दिसलीस," मामा म्हणाले. ते माळ्यावरून उतरले होते. "लख्ख दिसलीस. आक्का, उजव्या हातात इळा हुता. डाव्या हातात काय हुतं?"

ती एकदम गोंधळली. मला वाटतं, तिनं जसं घडलं तसं बसायचं म्हणून शरीर सोडून दिलं होतं आणि हाताचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. "जाऊ द्या की आता," ती म्हणाली. मामा वाट बघत उभे राहिले.

"पोरगी हुती मांडीवर," ती शेवटी म्हणाली. "थोरली. नुकतीच बोलाया लागलेली. कुनी बी हाक मारली की ओ द्यायची लई हौस तिला. तुमची पैली हाक आली तशी तिनं तोंड उगडलं. म्हून दाबून धरलं."

मामा तिच्या डाव्या हाताकडं बघत राहिले. आक्कालाच ते सोसेना, म्हणून ती भराभरा सांगू लागली. गोळी लागल्यावर पोरीला बांधाकडं ढकलली, पलीकडं सासू पोतं घेऊन बसलेली होती, तिनं उचलून नेली, म्हणून मामांना दिसली नाही. पोरीला काही झालं नाही. ओरखडासुद्धा नाही. आता उदगीरला मावशीकडं राहून शाळेत जाते, मजेत आहे. "म्या सांगनार नव्हते," आक्का म्हणाली. "हात तसाच गेला मेला." आणि मग आशेनं, अगदी बाजारात भाव ठरल्यावर विचारावं तसं तिनं विचारलं, "मंग मारताव न्हवं डुकरं?"

मामा बांधावर बसले. त्यांनी दोन्ही हात पुढं धरून बघितले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. इतकी वर्षं ते एका गप्प बसलेल्या बाईला भीत आले होते. ओ देणारं एक लेकरू त्यांच्या गोळीपुढं होतं, आणि ती ओ तोंडापर्यंत आलेली होती, हे त्यांना आज कळत होतं.

ते मारणार नाहीत हे मला तेव्हाच समजलं. आक्काला समजलं नाही. रोज दिवस कलला की ती बांधावर येऊन माळ्याकडं बघायची, आणि माळा रिकामा असायचा. अप्पांनी गडी लावून डबे वाजवले, शेकोट्या केल्या, आपला ऊस बराचसा वाचवला. त्या आवाजानं डुकरं आक्काच्या बाजूला वळली. आठवडा संपायच्या आत तिच्या भुईमुगात एक वेल उभा राहिला नाही.

त्या सकाळी ती मामांच्या अंगणात आली. मातीनं भरलेला उपटलेला वेल तिच्या हातात होता. रडत नव्हती, संतापलेली होती, आणि ती मामांशी नाही, माझ्याशी बोलली. "तोंड उगडायचं हुतं तवा उगडलं न्हाई," ती म्हणाली, "आन् गप ऱ्हायचं हुतं तवा हात बोलला बग." वेल ओट्यावर टाकून ती पाय ओढत निघून गेली. मामांनी तिला मागून हाक मारली नाही. मामांना कुणालातरी हाक न मारताना मी पहिल्यांदाच बघत होते.

रविवारी आम्ही नांदेडला गेलो. दुकानदारांनी फडकं सोडलं, दोन्ही काचा उजेडाकडं धरून बघितल्या, पुसल्या, आणि मोठी आपणच बाजूला ठेवली.

"छोटी में दिखा?" त्यांनी विचारलं.

"दिसलं," मामा म्हणाले.

"अंधेरे में?"

"हाव. लई चांगली हाय."

"तो फिर रख लो. ऐसी दुबारा नै आती."

मामांनी दुर्बीण बोटांनी हळूच त्यांच्याकडं सरकवली. "नको," ते म्हणाले. "समदं दिसतंय तिच्यातनं." दुकानदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि आतल्या माणसाला चहा सांगितला.